शुद्धिपत्रक

"नागरिकांना कळविण्यात येते की"
इथून माझा दिवस उघडतो.
रिक्षाच्या टपावर भोंगा,
मांडीवर झोन ऑफिसातला कागद.
बॅटरी कुरकुरते, मी नाही.

घरपट्टी मुदतीत भरल्यास पाच टक्के सूट.
शनिवारी समाजमंदिरात मोफत डोळे तपासणी,
आधारकार्ड सोबत आणावे.
मोकाट डुकरे पकडण्याची मोहीम
पुढील आदेशापर्यंत तहकूब.
इथे पोरं टाळ्या पिटतात,
डुकरांच्या बाजूने.

साखर पेठेत मी मराठीत वाचतो,
आणि उंबऱ्यात विड्या वळत बसलेली राजमणी गड्डम
माझी ओळ संपायच्या आत
तेलुगूत करून पलीकडच्या दारात टाकते.
तिथून ती वाकडीतिकडी पुढे जाते.
पाच टक्के सूट
तिसऱ्या घरी पाच हजार दंड होते.
बागवानांच्या बोळात जैनुद्दीनचाचा स्वतःची दोन वाक्यं घालतात,
होटगी नाक्याला कन्नड माझं मीच.

एका शब्दाला मात्र कुणी लागत नाही.
पाणी म्हटलं
की यंत्रमागसुद्धा थांबतात.

मागच्या खेपेला कागदावर होतं: मंगळवार, सकाळी सहा.
तीनदा वाचावे.
तीनदा वाचलं.

मंगळवारी राजमणी ब्रँचला विड्या द्यायला गेली नाही.
बोद्धूलच्या धाकट्यानं माग बंद ठेवला,
टॉवेलाची नुसती किनार झालेली.
घागरी, बॅरल, रंगाचे डबे,
शाळेची वॉटरबॅग, तीही रांगेत.
नळानं उसासा टाकला.
दोन थेंब. मग हवा.

पाणी आलं बुधवारी, पहाटे तीनला.
गल्ली झोपलेली.
गटारीनं भरून घेतलं.

गुरुवारी नवा कागद:
घरपट्टी, डोळे, डुकरं.
मंगळवारचं अक्षर नाही.
शेळगीकर साहेबांना विचारलं, शुद्धिपत्रक?
ते म्हणाले, चुकीची नोंद असली तर दुरुस्ती निघते.
नोंद कुठाय?

साखर पेठेत कागद वाचून संपवला,
"आदेशावरून" म्हटलं.
माईकचं बटण बंद करायचं राहून गेलं,
असं पुढे लेखी दिलंय मी.
खरं तर अंगठा बटणावरच होता.

"मंगळवारचं मी सांगितलं ते चुकलं.
तुमचा रोज बुडाला.
माफ करा ओ."

भोंग्यात माझाच आवाज, ओळखू येईना.
त्यात कुठंही "येते की" नव्हतं.

राजमणीचा हात सुपात थांबला.
हे तिनं दारातून टाकलं नाही,
उठून स्वतः पलीकडे गेली सांगायला.
पण पुढची दारं तीच, कान तेच.
तिसऱ्या घरी महापालिकेनं माफी मागितली,
सातव्या घरी काहीतरी माफ झालं,
गल्लीच्या टोकाला, चक्कीपाशी,
घरपट्टीच माफ.

दुसऱ्या दिवशी झोन ऑफिसापुढे ही रांग!
शेळगीकर टेबलावर चढून बोलत होते म्हणतात.

मग निघालं शुद्धिपत्रक.
सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं.
घरपट्टी माफ झालेली नाही.
कोणत्याही प्रकारची माफी मागण्यात आलेली नाही.
नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.
तीनदा वाचावे.

वाचलं. पोटासाठी वाचलं.
तिसऱ्या वेळी राजमणी उठून रिक्षाशी आली,
बोटांना तंबाखूची पिवळी धूळ.
पाणी कधी, म्हणाली.
म्हटलं, कागदावर शुक्रवार आहे, अक्का.
कागदाचं ऐकलं की, म्हणाली.
तू सांग.

मला कुठलं माहीत?
भोंगा बंद केला,
कागदाची घडी खिशात घातली
आणि रिक्षा वळवली
व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सिद्रामच्या घराकडे.
तो दुपारचा झोपलेला असतो.
उठवायला लागेल.